सरांची झोकांडी

कुंग फूमधली दारुड्याची शैली खऱ्या मारामारीत चालते का, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. मी शाळेत गणित शिकवते. गोलगोल उत्तरं मला खपत नाहीत, मुलांनी तशी दिली तर माझा आवाज शेजारच्या वर्गात ऐकू जातो. पण या एका प्रश्नाचं उत्तर मी सोळा वर्षं गिळून बसले होते. उत्तर ‘नाही’ असं होतं आणि ते ऐकून सरांना वाईट वाटलं असतं.

सर म्हणजे आमचे कुंग फूचे सर. सरकारी नोकरीत क्लार्क होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली. राहायला नाशिक रोडच्या एका कॉलनीत, आणि दर रविवारी सकाळी इंदिरानगरातल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये क्लास. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण पोट नाही, कुरकुर नाही, आणि दारूचा थेंब आयुष्यात कधी जिभेला लागलेला नाही. दर एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ते रस्त्यावर प्रात्यक्षिक द्यायचे. आधी माइकवरून सगळ्यांना पंचशील म्हणायला लावायचे. त्यातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. ते म्हणून झालं की लगेच सर झोकांडी खात रस्ताभर झुलायला लागायचे. या क्रमात काही गंमत आहे हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. लोकांच्या मात्र यायचं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पोरं शिट्ट्या मारायची, आणि सर कोसळता कोसळता कोलांटी घेऊन उभे राहिले की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी लहानपणापासून दर वर्षी हे पाहिलं होतं. सर झुलले की टाळ्या वाजवायच्या, ही सगळ्यांच्या हातांना सवयच लागली होती.

मला त्यांनी ती शैली पुरी शिकवली. बोटं पेला धरल्यासारखी वळवायची, मनगटाच्या पाठीनं फटका मारायचा, तोल गेल्याचं भासवायचं पण वजन मागच्या पायावर राखायचं. “पाय प्यालेले, डोळे शुद्धीवर,” असं ते सांगायचे. कितीही झुललात तरी नजर समोरच्याच्या छातीवरून हलता कामा नये. पडताना हनुवटी गळ्याशी आणि तळहाताची थाप जमिनीवर. एवढं अंगात मुरायला मला चार वर्षं लागली. त्याचा प्रत्यक्ष उपयोग झाला तो एकदाच, वाळूवरून स्कूटी घसरली तेव्हा. मी गोळा होऊन पडले आणि कोपर खरचटण्यावर निभावलं. पडण्यापुरती ती विद्या शंभर नंबरी होती. पण समोरचा सरळ ठोसे मारायला लागला की झुलायला वेळच मिळत नाही, हे मी क्लासमधल्या मोठ्या मुलींबरोबर गुपचूप करून पाहिलं होतं. दर वेळी झुलणारीनंच मार खाल्ला. सरांपाशी मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

गेल्या वर्षी त्याच हॉलमध्ये संध्याकाळचा बॉक्सिंगचा क्लास सुरू झाला. कोच निफाडकडचा, तिशीतला, द्राक्षबागेत वाढलेला. दिसायला दांडगा आणि बोलायला लोण्यासारखा मऊ. सरांना भेटला की आधी वाकून नमस्कार करायचा. भांडण कुणाचंच नव्हतं. आग लावली ती एका आईच्या साध्या प्रश्नानं.

ती बाई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन रविवारी क्लास बघायला आली होती. सर झुलून दाखवत होते. ते थांबल्यावर ती म्हणाली, “सर, राग मानू नका. हिला ट्यूशनवरून येताना एक जण त्रास देतो. उद्या त्यानं हात धरला, तर हे असं झुलणं कामाला येईल का? नाहीतर मी हिला बॉक्सिंगला घालते.”

खरं उत्तर सोपं होतं. जोरात ओरड, गुडघा मार, पळत सूट. सरांना ते येत नव्हतं असं नाही. पण पंचवीस मुलं बघत होती. सरांचा चेहरा लाल झाला. “पुढच्या रविवारी या,” ते म्हणाले. “कोचबरोबर खेळून दाखवतो. स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा.”

सरांनी कोचला गाठून सांगितलं तेव्हा त्यानं हातच जोडले. “नका ना सर. तुम्ही माझ्या वडलांच्या वयाचे. चुकून लागलं बिगलं तर मला लय अवघड होईल.” सरांनी ऐकलं नाही. शेवटी मोठ्या माणसाला तिसऱ्यांदा नाही म्हणायची त्याला लाज वाटली आणि तो हो म्हणाला. हलकंच खेळायचं, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या.

मी सरांना फोन केला. “सर, कशाला हे?”

“तुला शंका आहे?”

“नाही, सर.” धडधडीत खोटं बोलले.

“मग घड्याळ तू धर.”

अशी ती शिट्टी माझ्या गळ्यात पडली. खेळ थांबवायचा अधिकार त्या हॉलमध्ये एकट्या मला होता.

रविवारी हॉल गच्च भरला. नाशिक रोडहून सरांच्या कॉलनीतली माणसं आली, मिरवणुकीला यावं तशी, लेकराबाळांसकट. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पहिल्या रांगेत. ती आई आणि तिची मुलगी खिडकीपाशी. कोचनं सरांसाठी डोक्याचं संरक्षक कवच आणलं होतं. सर म्हणाले, “डोकं बांधून झुलता येत नाही.” तरी मी शिट्टी वाजवली.

पहिलं दीड मिनिट मस्त गेलं. कोच हवेत ठोसे सोडत होता आणि सर त्याच्या भोवती डुलत होते. एकदा मनगटाचा फटका कोचच्या खांद्यावर बसला तेव्हा हॉल दणाणला. मीसुद्धा ओरडले. मला वाटलं, सोळा वर्षं मीच मूर्ख होते की काय!

मग कोचनं एक साधा डावा ठोसा टाकला. हलका होता, मी शपथेवर सांगते. पण सर त्याच क्षणी पुढे झुकले. हात खाली पेल्याच्या आकारात, हनुवटी उघडी, आणि सगळं वजन त्या ठोशाकडे निघालेलं. अर्धा जोर कोचचा होता, अर्धा सरांचा स्वतःचा. सर दोन पावलं मागे गेले, एक डावीकडे, मग गुडघ्यातून वाकून पुन्हा सरळ झाले.

टाळ्या पडल्या. लोक हसायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, “आता आली सरांना रंगत!”

सरांची नजर कोचच्या छातीवर नव्हती. ती छताच्या पंख्याकडे गेली, तिथून माझ्याकडे आली, माझ्यावरून गेली आणि त्यांनी मला ओळखलं नाही. ते डोळे मी सोळा वर्षं पाहिले होते. ही शैली नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी घड्याळात पाहिलं. फेरीचे एक मिनिट अठरा सेकंद उरले होते.

शिट्टी माझ्या ओठात होती आणि मी ती वाजवली नाही.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. टाळ्या चालू होत्या. काकू हसत होत्या. ती मुलगी खिडकीपाशी टाचा उंचावून बघत होती. आता थांबवलं, तर सगळ्यांसमोर कळणार की सर हरले, आणि तेही माझ्या शिट्टीनं. सावरतील, मी स्वतःला सांगितलं. अजून एक पाऊल बघू. अजून एक. मनातून मी त्या शैलीला खोटी ठरवून बसले होते, म्हणूनच बहुधा ती शिट्टी मला फितुरीसारखी वाटली.

कोचही फसला होता. सर आता डाव टाकणार असं समजून तो सावध झाला, आणि सर त्याच्या अंगावर कलंडले तसा त्यानं उजव्या हाताचा ठोसा लावला. सर आडवे झाले. हनुवटी गळ्याशी आली नाही. हाताची थाप वाजली नाही. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज मात्र आला, आणि त्यावरही थोड्या टाळ्या पडल्या. आता ते कोलांटी घेऊन उठणार म्हणून लोक थांबले होते.

तेव्हा मी शिट्टी वाजवली. घड्याळात छप्पन्न सेकंद उरले होते.

मेंदूवर रक्त साकळलं होतं. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. कोच दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला. “मला वाटलं, त्यांची स्टाईलच हाय ती,” तो पुन्हापुन्हा म्हणत होता. सगळे तेच म्हणत होते. मीही म्हणाले. काकूंनी विचारलं, “तुलाही नाही कळलं गं?” मी नाही म्हणून मान हलवली. सर वाचले की नाही हे कळेपर्यंतचे नऊ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रोज शाळेत गेले आणि पोरांवर खेकसत राहिले.

सर वाचले. डावा हात जड झाला, बोलताना शब्द शोधावे लागतात, पण वाचले. तीन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा खुर्चीत बसून ते खुशीत होते. काकू चहा टाकायला आत गेल्या.

“मी विचार केला,” सर सावकाश म्हणाले. “अख्खा हॉल फसला. कोच फसला. तू, सोळा वर्षं माझ्या हाताखाली, तूसुद्धा फसलीस. म्हणजे शैली चालते. नेम तेवढा चुकला. त्या मुलीच्या आईला फोन कर. म्हणावं, क्लास पुन्हा सुरू होतोय, हिला मी स्वतः तयार करतो.”

मी फोन हातात घेतला. त्या मुलीचा ट्यूशनवरून येण्याचा रस्ता डोळ्यांसमोर आला. मग फोन खाली ठेवला.

“मी फसले नव्हते, सर.”

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. “पहिल्या ठोशानंतर तुमचे डोळे पाहिले, तेव्हाच कळलं होतं मला. तुम्ही पडेपर्यंत बावीस सेकंद गेले. बावीस सेकंद मला माहीत होतं.”

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. सरांना शब्द शोधावे लागले.

“मग शिट्टी?”

“तुम्ही हरला असतात, सर. सगळ्यांसमोर.”

त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

“हरलो असतो ना,” ते म्हणाले. “एवढंच ना गं?”