कौतुक झालं की आम्ही सावध

नर्सच्या नोकरीत पेशंटांपेक्षा कौतुकाचेच किस्से जास्त साठतात. महाडच्या ज्या दवाखान्यात मी काम करते, तिथे कुणी गुलाब घेऊन आलं की आम्ही आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतो.

एका नर्स दिनाला एक पुढारी शाली घेऊन आले. आम्ही देवीचं रूप आहोत, असं बराच वेळ बोलले. माझी सिनिअर सुलभा सिस्टर, निम्म्या तालुक्याची बाळंतपणं केलेली बाई, माझ्या कानात म्हणाली, "याचं कोणीतरी ॲडमिट व्हायचंय." फोटो झाले. जाता जाता पुढारी म्हणाले, "सिस्टर, उद्या मेव्हण्याला आणतो. खिडकीजवळची कॉट बघा जरा."

पोलादपूरच्या डोंगरातले एक आजोबा न्यूमोनियाने आले होते. सलाईन, औषधं, अंग पुसणं, सगळं सुलभाने केलं. तरी प्रत्येक गोळी ते उजेडात धरून बघायचे आणि डॉक्टरांनीच दिलीय ना, हे विचारायचे. घरी जाताना डॉक्टरांच्या पाया पडले आणि सुलभाला म्हणाले, "बाय, हात चांगला हाय तुजा. अजून शिक." सुलभा तेव्हा रिटायरमेंटला आली होती.

मग एका पेशंटच्या मुंबईहून आलेल्या भाच्याने गोड बोलून सुलभाला तिचं नाव विचारलं. तिनेही सांगितलं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरत होता, खाली तिचं नाव आणि 'उर्मट सिस्टर'. वॉर्डात गर्दी करू नका, एवढंच ती त्यात म्हणत होती. तिला साहेबांपुढे उभं राहावं लागलं. तेव्हापासून अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुडीलची एक बाई आली. बरोबर शाळेच्या वयाची मुलगी.

"हितं सुलभा सिस्टर कोन हाय?"

मी काम विचारलं.

"काम काय नाय. नुस्तं भेटायचं व्हतं."

कामच नाही म्हटल्यावर आमचा संशय वाढला. तिच्या हातात मोबाईल आहे का, ते मी बघितलं. नव्हता. शेजारी मास्क लावून इंजेक्शन भरत असलेली सुलभा मान वर न करता म्हणाली, "तिची बदली झाली."

बाई माघारी वळली. मग दाराशी गेली आणि मागे रेंगाळलेल्या मुलीला म्हणाली, "चल गो सुलभा, एस्टी जाईल."