थोरलीच्या शाळेचं छप्पर

शाळेच्या गळक्या छपरासाठी मुख्याध्यापिका बाई नगरपालिकेत खेटे घालून थकल्या होत्या. नगराध्यक्ष त्यांना शिक्षण मंडळाकडे पाठवायचे आणि मंडळ परत नगरपालिकेकडे. यंदा मंडळावर त्यांची धाकटी बहीण निवडून आली. तिला पाढे बाईंनी शिकवले होते, भाषणंही त्याच लिहून द्यायच्या.

नगरपालिका आणि मंडळाच्या एकत्र बैठकीत धाकटी उठली आणि हसत म्हणाली, "साहेब, पुढची बैठक पावसाळ्यात चौथीच्या वर्गात घेऊ या. बादल्या मी आणते." सभागृहात हशा पिकला. चहा येईपर्यंत निम्मा खर्च नगरपालिकेनं आणि निम्मा मंडळानं उचलायचं ठरलंसुद्धा.

सगळे धाकटीभोवती जमले. बाईंच्या मात्र पोटात दुखू लागलं. छप्पर मिळालं होतं, पण हिच्या हातून मिळण्यापेक्षा नसतं मिळालं तरी चाललं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

जिन्यात धाकटीनं त्यांना गाठलं. "ताई, तोंड का पाडलंस? बादल्यांचं वाक्य तर तुझंच होतं. गेल्या वर्षी तू हेच बोलली होतीस ना?"

"हो," बाई म्हणाल्या, "तेव्हा कुणी हसलं नव्हतं."



काम पुरं झाल्यावर उद्घाटनाला बाईंनी तिलाच बोलावलं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनीही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबवल्या.