कुमागाई मास्तरांचे हातमोजे

स्टेशनमास्तर कुमागाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ही गोष्ट उभ्या ओरोसे गावात फक्त मास्तरांनाच ठाऊक होती. मार्चमध्ये रेल्वेमार्गावर आपोआप चालणारे सिग्नल यायचे होते. तोवरचे तीन महिने कसेबसे रेटायचे, ड्रायव्हरला शेवटची चकती आपल्याच हाताने द्यायची आणि मग डॉक्टरकडे जायचं, असा त्यांचा बेत होता.

एकेरी रुळावर दोन गाड्यांची टक्कर होऊ नये म्हणून त्या-त्या टप्प्याच्या एकमेव चकतीवाचून गाडी सुटत नाही. पश्चिमेकडच्या टप्प्याच्या चकतीला गोल भोक, पूर्वेकडच्या चकतीला चौकोनी. चकती उघड्या झरोक्याच्या कातडी पिशवीत, पिशवी मोठ्या कड्याला. रोज सकाळी सात बेचाळीसला ओरोसेत दोन गाड्या समोरासमोर येत आणि मास्तर त्यांच्या चकत्यांची अदलाबदल करत. देताना भोकाकडे बोट रोखून मोठ्याने म्हणायचं, "चौकोन, ठीक!" घेणाऱ्या ड्रायव्हरनेही तेच म्हणायचं. चाळीस वर्षं मास्तरांनी त्यात कुचराई केली नव्हती. फक्त गेले काही महिने ते बघत नव्हते. बोट दाखवत आणि अंगठ्याने भोक चाचपत.

त्या सकाळी बर्फ पडत होता.

"अहो, घाला म्हणते ना," त्यांच्या पत्नी सुएकोबाई म्हणाल्या. त्यांनी आठ दिवस बसून जाड लोकरीचे हातमोजे विणले होते. "बोटं बघा, सुकवलेल्या मुळ्यासारखी झालीत. स्टेशन काय पळून जातंय?"

नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. मास्तरांनी घातले.

दोन्ही कडी खांद्यावर आली. लोकरीतून अंगठ्याला काहीच कळेना. पण गाडी खोळंबली होती. हे चौकोनीच असणार, असं मनाला बजावत त्यांनी एक कडं पूर्वेला निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरला, तरुण निशिवाकीला दिलं. पोरगा घाईत होता. "चौकोन, ठीक!" तो खणखणीत ओरडला. गाडी हलली.

मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी हातमोजा दातांनी ओढून काढला आणि उरलेली पिशवी चाचपली. अंगठ्याला चार कोपरे लागले.

ते लाल बावटा हलवत, शिटी फुंकत बर्फातून धावले. तीसेक पावलांवर गाडी थांबली. खिडकीतून शाळेच्या मुली बघत राहिल्या.

"मास्तर, मीही न बघताच ओरडलो," निशिवाकी खाली उतरून हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पुढचा टप्पा रिकामाच आहे. बर्फामुळे उशीर झाला असं लिहू. कोणाला कळतंय?"

"आज रिकामा आहे," मास्तर म्हणाले.

उघड्या अंगठ्याने त्यांनी चकत्या बदलून दिल्या. दोन्ही गाड्या गेल्यावर मुख्य स्टेशनला फोन लावला आणि सगळं सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा. नऊ वाजता बदली माणूस आला.

सुएकोबाई मुळा किसत होत्या. "इतक्यात कसे आलात? आणि हातमोजे? उबदार होते ना?"

"फार उबदार होते," मास्तर म्हणाले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "किसणी ठेव आणि जरा जवळ ये. उन्हाळ्यापासून तुझा चेहरा मला नीट दिसलेला नाही."