चार दिवसांचं ऊन

शालूला सावलीत बसायला सांगितलं की राग यायचा. करी रोडच्या आमच्या चाळीतल्या बायका उन्हं चढली की खोलीत पळायच्या, आणि ही न्हाऊन ओले केस पाठीवर सोडून गच्चीवर जाऊन बसायची. "काळी होशील गं," मी म्हणायची. "होऊ दे. ऊन हाडात मुरलं पाहिजे बघ," ती डोळे न उघडताच म्हणायची. शेजारच्या खोलीतली, माझ्याच वयाची ही मुलगी मला फार आवडायची. चारचौघांत तिच्याबरोबर चालायची मला थोडी लाजही वाटायची. लिहिताना हात आखडतो, पण खरं आहे.

तिच्या दोन्ही हातांवर कोड होतं. त्यापायी लग्न जमेना. वैद्यांनी बावचीचं तेल दिलं आणि बजावलं, तेल लावून कोवळ्या उन्हात दहा मिनिटं बसायचं, वर एक मिनिट नाही. या तेलाने उन्हात कातडी भाजते. घड्याळ आमच्या घरी होतं, म्हणून वेळ मी बघायची. दहा मिनिटं झाली की शालू कुरकुरत उठायची. महिन्याभरात डागांच्या कडा खरंच सावळ्या दिसू लागल्या.

त्यातच संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघाले, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. चार दिवस गच्चीला कुलूप. ते निघालं तेव्हा मुलाकडचे बघायला यायला आठवडा उरला होता. शालूच्या आईने, जिला मी मावशी म्हणायची, तिच्या हातांना तेल चोपडलं. "चार दिस फुकट गेले, ते आज भरून काढूक व्हये. बस गो."

"म्हणजे पन्नास मिनिटं?" शालूने माझ्याकडे बघितलं. "अगं, वैद्य काय म्हणाले होते?"

ऊन आता कोवळं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी म्हणतेय तर बस की. एकदाच तर आहे."

संध्याकाळपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले, ताप चढला. जखमा भरल्या, पण कातडी काळीनिळी आणि आक्रसलेली राहिली. पाहुणे आलेच नाहीत. मावशी ज्याला त्याला सांगायची, "ऊन बाधला पोरीक." मीही तेच सांगत राहिले.

शालू पुन्हा गच्चीवर गेली नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी अख्खी चाळ मे महिन्याच्या उन्हात रस्त्यावर नाचत होती. मी पेढे घेऊन तिच्याकडे गेले. लांब बाह्यांचं पोलकं घालून ती भिंतीशी बसली होती.

"चल ना खाली," मी म्हटलं. "थोडं तरी ऊन घे."

"मला त्या डागांचं काही वाटत नव्हतं गं," ती म्हणाली. "डाग तुम्हाला नको होते. आईला, आणि तुला."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि खोटं बोलवेना.