मालकांच्या वाढदिवसाचं पान

आमच्या कचेरीत तिला सगळे स्वल्पविराम म्हणायचे. बोलताना दर दोन शब्दांनी थांबायची म्हणून. "मी, जरा, पाणी, पिऊन येते," एवढं ऐकेपर्यंत समोरच्याला तहान लागायची. संध्याकाळच्या एका छोट्या वर्तमानपत्रात आम्ही दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बावीस वर्षं बसलो. ती पानं लावायची आणि मी छापायच्या आधी प्रूफं तपासायचे. मला तिथे फुली म्हणत. माझा स्वभाव त्यावरून ओळखा, मी वेगळं सांगत बसत नाही.

तिच्याकडे शेवटचं पान होतं. निधनाच्या बातम्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळ्या एका मापाच्या चौकटी, प्रत्येकीत एक फोटो. घरी जेवायला आलेल्या माणसांना बसवावं तसं ती ते पान लावायची. कुणी कोपऱ्यात गेलं की तिला चैन पडत नसे. लग्न केलं नव्हतं. घरी एकटी आई, शहाऐंशी वर्षांची, कानांनी अधू आणि आवाजाने खणखणीत. रोज दुपारी फोन करून लेकीला विचारायची, "आज कोण गेलं गं?" यादी ऐकून झाली की म्हणायची, "बरं झालं, मी नाही त्यात."

एका मंगळवारी आई त्यात आली.

बुधवारी सकाळी बघते तर काय, बाई खुर्चीवर हजर! मी ओरडलेच, "अगं, डोकं फिरलंय का तुझं? घरी जा." तर म्हणते, "आईची चौकट, दुसऱ्या कुणी, वेडीवाकडी लावली, तर आई, रागवेल." मी कपाळावर हात मारून घेतला!

नेमका त्याच दिवशी मालकांचा सत्तरावा वाढदिवस. आम्हा नोकरमंडळींच्या शुभेच्छांची चौकट आईच्या चौकटीला अगदी खेटून. पान माझ्याकडे आलं. मी मजकुरावर पट्टी ठेवते आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचते. फोटोंकडे ढुंकूनही बघत नाही. फोटो माझं खातं नाही, हे मी बावीस वर्षं ताठ मानेने सांगत आले. मजकूर दोन्हीकडचा चोख होता. मी सही ठोकली आणि चहा प्यायला गेले.

संध्याकाळी अंक बाहेर पडला आणि हाहाकार उडाला. 'प्रेमळ व सोशिक मातोश्रींचे वृद्धापकाळाने निधन' याच्या डोक्यावर मालक, मिशांसकट हसताना! आणि 'आपणांस उदंड आयुष्य लाभो' याच्या डोक्यावर तिची आई. नावं बरोबर छापली होती, पण लोक नावं कुठे वाचतात? फोटो बघतात आणि धावत सुटतात. मालकांच्या दारात फुलांची चक्रं येऊन पडली. त्यांचे व्याही हुंदके देत तीन जिने चढले. दार मालकांनीच उघडलं, आणि व्याही पायरीवरच बसले. त्यांना पाणी पाजून उठवावं लागलं.

शुक्रवारी मालकांचा तिला घरी फोन आला. मी शेजारीच होते, खोली नातेवाइकांनी भरलेली. ती फोनवर म्हणत होती, "हो, मीच लावलं. नाही, प्रूफ, कुणाला, दाखवलंच नाही. बरं. उद्यापासून, नाही. आभारी आहे." फोन ठेवल्यावर तिची मावशी डोळे पुसत म्हणाली, "किती मोठ्या मनाचा माणूस! स्वतः फोन केला." मी मात्र तिच्या पर्सकडे बघत होते. कारण प्रूफ तिने दाखवलं होतं. माझ्या सहीचा तो कागद तिच्या पर्समध्ये घडी करून ठेवलेला होता, आणि ती भर खोलीत बसून माझ्यासाठी खोटं बोलली होती.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. दोन खोल्यांचं घर, त्यात ती एकटी. एका आठवड्यात आई गेली आणि कामही गेलं. सकाळी उठून कुणाला हाक मारायची नाही, कुठे पोचायचं नाही. आणि रडत तर अजिबात नव्हती. भेटायला आलेली माणसं रडायची आणि हीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. मावशीने "आता कुठेतरी मन रमव" असं सातव्यांदा म्हटल्यावर मी मावशीला बाजारात पिटाळलं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. ही बाई पुन्हा त्या पानाशी बसली नाही तर उभी वाळून जाईल, असं माझं मन सारखं म्हणत होतं.

मी तिला दुसरीकडे अर्ज करायला बसवलं. तिने तासभर खपून लिहिला आणि माझ्यापुढे ठेवला. सुरुवात: 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, मी नोकरीच्या शोधात आहे.' आधीची नोकरी सुटण्याचे कारण: 'अल्पशा चुकीने.' मी लाल पेन काढून सपासप फुल्या मारत सुटले, आणि हसू दाबता दाबता शेवटच्या रकान्यापाशी आले. कुटुंबाची माहिती: 'मागे कोणी नाही.' तिथे माझं पेन चालेना. अर्ज टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि तडक मालकांसमोर जाऊन उभी राहिले.

"पान मी तपासलं होतं. सही माझी आहे," मी म्हटलं. "काढायचं तर मला काढा. तिची आई गेली होती, माझं कुणी गेलं नव्हतं."

"मग तुम्हाला फोटो दिसला नाही?"

"फोटो माझं खातं नाही," मी म्हटलं आणि जीभ चावली.

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तिला सोमवारी यायला सांगा. तुम्ही खाली खिडकीवर बसा, लोकांच्या जाहिराती घ्यायला. आता जरा माणसांची तोंडं बघायची सवय करा." म्हणजे मी! जी घरच्यांशीही दोन वाक्यं धड बोलत नाही, तिने दिवसभर परक्या माणसांना "या, बसा" करायचं!

तरी मी पळतच तिच्याकडे गेले. जिन्यातूनच ओरडले, "सोमवारी यायचंय तुला! सगळं सांगून आले मी. म्हटलं, चूक माझीही होती."

ती मटकन खाटेवर बसली. "चूक, नव्हती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू सही केल्यावर, मी पान, पुन्हा पाहिलं होतं. फोटो, उलटे पडलेत, हे दिसलं. बदलायला, वेळही होता. पण आईच्या खाली, उदंड आयुष्य लाभो, असं आलं होतं गं. मला ते, काढवेना."

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! "अगं भवाने, मग त्या मालकाला का मारलंस?"

"त्यांना, उरलेली, चौकट मिळाली."

मला हसू फुटलं. तीही हसली, खो खो हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा वेडावाकडा झाला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली, अगदी मोठ्याने, लहान मुलीसारखी. मी तिला घट्ट धरून बसले आणि माझेही डोळे वाहू दिले.