अडवलेला धवला

सखुबाईच्या तोंडी लागू नये, असं आमच्या गावात लहानथोर सगळे म्हणत, आणि तरीही कुणाच्या घरी लग्न ठरलं की पहिली वर्दी तिलाच जाई. आमच्या आगरी लग्नात तेव्हा भट नसे, धवलारीण असे. हळदीच्या दिवशी ती मांडवात बसून धवले म्हणायची, म्हणजे देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना गाण्यातून एकेक नाव घेऊन लग्नाला बोलवायची. ज्याचं नाव घेतलं तो आला, ज्याचं राहिलं तो मांडवाबाहेर उभा. शीळपासून दिवा गावापर्यंत कितीतरी घरांतले मेलेले सखुबाईनं असे हाक मारून आणले होते.

तिचा नवरा धाकू मिठागरात कामाला होता. एका उधाणाच्या भरतीला खाडीचा बांध फुटला, तो बुजवायला हा उतरला आणि चिखलाखालीच राहिला. मुलगी जया तेव्हा रांगत होती. विधवेच्या हातचं कुंकू आमच्याकडेही कुणी लावून घेत नसे, पण विधवेचा धवला चालत असे. त्या धवल्यांवरच तिनं पोर वाढवली.

जयाचं लग्न आंबिवलीकडे ठरलं, आणि इथे एक अडचण आली. पोटच्या पोरांच्या लग्नात आईनं धवले म्हणायचे नाहीत, असा दंडक. आईचा गळा भरून येतो, धवला मध्येच अडतो, आणि अडलेला धवला नवरानवरीला बाधतो. म्हणून शीळच्या गंगुबाईला बोलावलं. तिला त्याच दिवशी आणखी एका मांडवात जायचं होतं. तिनं देव उरकले, आजेपणजे उरकले, आणि धाकूचं नाव न घेताच धवला संपवून ती उठली.

सखुबाई आत कान देऊन बसली होती. ती तशीच बाहेर आली.

"गंगे, पोरीच्या बापसाचा नाव रायला."

"रायला तं रायला," गंगुबाई पदर खोचत म्हणाली. "एका नावानं काय लगीन मोडतंय?"

आणि चालती झाली. संपलेला धवला पुन्हा उघडता येत नाही. बाप लेकीच्या मांडवाबाहेर उभाच राहिला आणि लेक सासरी गेली.

लग्नानंतर घर कसं होतं, ते ज्यानं पोर दिली त्यालाच ठाऊक. काल जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे आज कोंबडी फिरते. शेजारणी येऊन सखुबाईच्या शेजारी बसल्या. रड गो, मोकळी हो, म्हणाल्या. सखुबाई रडली नाही. तिनं उखळात भात घातला आणि मुसळाच्या घावागणिक गंगुबाईला शिव्या मोजल्या. मला विचाराल तर त्यातली एकही शिवी वाया गेलेली नव्हती. एका बाईनं तिच्या मेलेल्या नवऱ्याला दारातून हाकललं होतं, आणि वर विचारलं होतं, काय मोठंसं झालं?

तिला दुसरा विषयच उरला नाही. मांडवपरतणीला जया नवऱ्यासोबत पहिल्यांदा माहेरी आली, तर तिलाही तेच ऐकवलं. गंगुबाई अशी बसली होती, अशी उठली, असं म्हणाली. शेवटी जया कावून म्हणाली, "आये, मी आयलंय गो. माज्याकडं बघ तरी." सखुबाईनं बघितलं आणि म्हणाली, "तुजा बापूस भायेर उभा हाय, पोरी. मना दुसरा काय दिसत नाय." पोर दुसऱ्या दिवशी मुकाट परत गेली.

पुढच्या वर्षी गंगुबाईच्या मुलाचं, आनंदाचं लग्न निघालं. आता आईपणाचा दंडक गंगुबाईला आडवा आला. आसपास दुसरी चांगली धवलारीण नव्हती. नारळ घेऊन ती सखुबाईच्या दारात आली, मान खाली घालून. सखुबाईनं इतक्या चटकन हो म्हटलं की तिच्या दिराला, भिवाला, धडकीच भरली.

"वैनी, तिकडं जाऊन काय करशील?"

"धवलं बोलीन," ती म्हणाली. "आनखी काय करू?"

हळदीच्या दिवशी तिनं देव बोलावले ते असे की म्हातारी माणसं हात जोडून बसली. ग्रामदेव झाले, खाडीवरचे देव झाले, गंगुबाईचे सासरे झाले. पुढचं नाव विश्रामचं, गंगुबाईच्या मेलेल्या नवऱ्याचं. तिथे सखुबाई थांबली.

अंगभर हळद लागलेला आनंदा पाटावर भेदरून बसला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गंगुबाई आतून धावत आली आणि सखुबाईच्या पायाशी बसली.

"सखे, थांबू नको गो. माज्या पोराला बाधंल."

"एका नावानं काय लगीन मोडतंय?"

"चुकलू मी. पाय धरतंय तुजं."

"पाय नको धरू. माज्या धाकूला बोलाव. तुज्या तोंडानं, गाऊन."

"मी कशी गाऊ? पोराची आयस हाय मी."

"मी पन आयसच व्हतू."

आणि गंगुबाईनं पोराच्या मांडवात दंडक मोडला. आवाज चिरत होता, सूर तुटत होता, पण तिनं धाकूला बोलावलं, नाव घेऊन, बापाचा मान देऊन, ये बाबा, पाटावर बस, म्हणून. सखुबाईनं ते सगळं ऐकून घेतलं, डोळे तिच्या तोंडावरून न हलवता. एकदा नाही, दोनदा म्हणायला लावलं. मग तिथूनच सूर उचलून विश्रामला बोलावलं आणि धवला शेवटपर्यंत नेला. त्यात एक अक्षर कमी केलं नाही.

शीळहून ती ताठ मानेनं चालत आली. वाटेत भेटेल त्याला सांगत आली. पुढे मरेपर्यंत हा प्रसंग ती चवीनं सांगायची आणि कधी, पोराला घाबरवलं, असं कुणी म्हटलं तर त्यालाही सोडायची नाही. मीही तिला दोष देत नाही.

पण शीळहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं उखळात भात घातला, मुसळ उचललं, आणि शिवी द्यायला कुणी उरलंच नव्हतं. घरात तिच्याशिवाय माणूस नव्हतं. ती तिथेच खाली बसली आणि जयाच्या नावानं हंबरडा फोडला. शेजारून भिवा धावत आला.

"वैनी, वरीस झाला गो पोरीला जाऊन. आज कशाला रडतंस?"

"तवा सवड नव्हती मना," ती म्हणाली.