तीन गोष्टी सोडून

"तीन गोष्टी सोडून बाकी सगळं माझ्यापाशी राहील," असं म्हणत काकू उजव्या हाताची तीन बोटं वर करायच्या. समोरची बाई कोथिंबीर निवडत असो की लिफ्टची वाट बघत असो, ती मनातलं काही बोलणार असा नुसता संशय आला की बोटं वर. कोणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करणार असेल, कोणी दुसऱ्याला इजा करणार असेल किंवा एखाद्या लहान मुलाला धोका असेल, तर त्या गप्प बसणार नव्हत्या. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका यावर खूप हसायच्या. एकीला फक्त नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार करायची होती. तिने बोटं पाहिली आणि विषयच बदलला.

जपानमध्ये, टोकियोजवळच्या उरायासुच्या त्या बिल्डिंगमध्ये मी पाचव्या मजल्यावर आणि त्या सातव्या. मी त्यांना काकू म्हणायचे. काका आयटीत, मुलगी पुण्यात. बावन्नाव्या वर्षी काकूंनी पदवीसाठी नाव घातलं. विद्यापीठ परदेशातलं, शिक्षण ऑनलाइन आणि विषय समाजसेवा व समुपदेशन. पहाटे पाचला त्या बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात पार्टटाइम कामाला जायच्या. तिथे शेकडो डब्यांत लोणच्याची एकेक फोड ठेवायची आणि दहाला घरी येऊन पुस्तक उघडायचं, असा त्यांचा दिवस होता.

पहिल्याच असाइनमेंटवर शेरा आला की तुम्ही सल्ले फार देता. "अगं, बावन्न वर्षं मी दुसरं केलंय काय?" त्या मला म्हणाल्या, आणि फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'सल्ला नाही'. तेव्हापासून सल्ल्याच्या जागी एक नवं वाक्य आलं. काका म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे. त्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की या घरात तुमच्याकडे लक्ष दिलं जात नाही?" काका मुकाट्याने उठून मीठ घेऊन आले. हे मला काकूंनीच जिन्यात सांगितलं, आणि सांगताना त्यांना फार अभिमान वाटत होता.

पदवीसाठी माणसांबरोबर सरावाचे साठ तास लागायचे. बिल्डिंगमधल्या आणि आसपासच्या आम्ही सात-आठ मराठी बायका तयार झालो. प्रत्येकीने एक खोटी अडचण घेऊन यायचं आणि काकूंनी ऐकायचं. पण बसायचं कुठे? घरात काकांच्या मीटिंगा, आणि भिंती अशा की शेजारच्या जपानी आजींची शिंक आपल्याला ऐकू यावी. काकूंनी स्टेशनजवळची, गाणी म्हणायला तासावर मिळणारी काराओकेची खोली शोधून काढली. सकाळी तिथे शुकशुकाट असतो आणि दार लावलं की आवाज बाहेर जात नाही. टीव्हीवरच्या जाहिराती बंद करता यायच्या नाहीत, म्हणून त्या पडद्यावर ओढणी टाकायच्या. मग मोबाइल पालथा ठेवायचा, तीन बोटं वर करायची आणि म्हणायचं, "बोल."

मी सासूबाईंना निवडलं. माझ्या सासूबाई खरं तर साध्या, पण सरावासाठी मी त्यांना पार कजाग करून टाकलं. कुठल्या आठवड्यात कुठलं भांडण झालं ते मी मोबाइलवर टिपून ठेवायचे, कारण काकू काही विसरायच्या नाहीत. मला मजा येत होती. शुक्रवारी सकाळी कोणीतरी आपलं दीड तास ऐकून घेतं, याची मला सवय लागली होती, हे तेव्हा कळलं नाही.

जानेवारीची सुरुवात, माझ्या सरावाचा सहावा शुक्रवार. मी सांगत होते की सासूबाई फोनवर तासभर बोलतात, माझी ऑफिसची मीटिंग अडते, मी चिडते. काकूंनी विचारलं, "आणि हे चाललेलं असतं तेव्हा ईशान कुठे असतो?"

मी म्हणाले, "बाल्कनीत."

ईशान माझा मुलगा, चार वर्षांचा. मी काय बोलून गेले ते कळलं, पण थांबता येईना, सगळंच सांगून टाकलं. सासूबाईंचा फोन खोटा होता, मीटिंग खरी होती. ईशान प्रत्येक गोष्टीला "यादा" म्हणायचा. इथल्या शाळेत उचललेला शब्द, नको म्हणजे नकोच. जेवण यादा, कपडे यादा, आणि मी कॉलवर असताना किंचाळून यादा. एक दिवस मी त्याला उचललं, बाल्कनीत ठेवलं आणि काचेचं दार लावून कडी घातली. दोन मिनिटं, असं मनाशी म्हटलं. नंतर मीटिंगमध्ये माझं नाव पुकारलं गेलं आणि मी बोलत बसले. परत आले तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. त्याच्या अंगात स्वेटर नव्हता. तो रडतही नव्हता, दोन्ही हात काचेला लावून आत बघत होता. त्यानंतर मी हे आणखी दोनदा केलं. तो गप्प होतो, म्हणून केलं.

पलीकडच्या खोलीत कोणीतरी बेसूर गात होतं. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. वेळ संपायला दहा मिनिटं उरली की काउंटरवरून फोन येतो. काकू एरवी वेळेच्या पक्क्या, पण त्या दिवशी त्यांनी अर्धा तास वाढवून मागितला. मग माझ्याजवळ येऊन बसल्या.

"आत्ता तो कुठे आहे?"

"शाळेत. दोनला सुटतो."

"मला हे सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "माझ्या कोर्सच्या सुपरवायझरला, आणि इथल्या सिटी ऑफिसलाही. मुलांसाठीचा काउंटर आहे तिथे. तू स्वतः सांगितलंस तर बरं. मी सोबत येते."

"काकू, हा सराव होता. मी खोटंच सांगत होते."

"सासूबाईंचं खोटं होतं. ते मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं."

मी हात जोडले. ते लोक ईशानला घेऊन जातील, मी म्हणाले. इथे मुलाला ताब्यात घेतात, तुम्हाला माहीत आहे. नवऱ्याचा व्हिसा, आमचं सगळं जाईल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मला नाही माहीत काय करतील ते," त्या म्हणाल्या. "तसं काही होणार नाही, असं तुला खोटं सांगणार नाही. बारा वाजता मी तिथे सायकल स्टँडपाशी उभी असेन. तू आली नाहीस तर मी एकटी आत जाईन."

मी गेले. रागाने सायकल हाणत गेले. काउंटरवरच्या बाईंशी मी मराठीत बोलत होते आणि काकू जपानीत सांगत होत्या. मला तोडकंमोडकं जपानी कळतं. अठरा मिनिटांची दहा होतील, तीनदाचं एकदा होईल, एवढी तरी माया करतील, असं वाटत होतं. त्यांनी अठरा सांगितलं. तीनदा सांगितलं. स्वेटर नव्हता तेही सांगितलं. त्या प्रत्येक शब्दाला मला त्यांचा तिरस्कार वाटला.

ईशानला कोणी नेलं नाही. त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगावं लागलं, तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग दर आठवड्याला एक बाई घरी येऊ लागल्या. त्या ईशानशी खेळायच्या, मला विचारायच्या, लिहून घ्यायच्या. माझ्या मीटिंगच्या वेळी त्याला ठेवायला जागा मिळाली. बाल्कनीच्या दाराला मी पुन्हा कधी कडी घातली नाही. म्हणजे जे व्हायला हवं होतं तेच झालं, आणि तरी माझा राग जाईना. माझी लाज पाहिलेलं माणूस लिफ्टमध्ये रोज भेटत होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू आल्या नव्हत्या. मी बायकांना म्हणाले, "त्यांच्यापाशी मनातलं काही बोलू नका हं. तोंडात तीळ भिजत नाही. विद्यापीठाला जाऊन सगळं सांगतात." कोणाचं सांगितलं, असं एकीने विचारलं. मी म्हणाले, नाव कशाला घ्यायचं. त्यानंतर एकीला शुक्रवारी जमेना, दुसरीच्या मुलाचा क्लास निघाला. महिन्याभरात काकूंपाशी सरावाला कोणीच उरलं नाही.

एकदा जिन्यात दोघी-तिघींनी त्यांना तोंडावर विचारलं, "काकू, तुम्ही खरंच कोणाचं तरी बाहेर सांगितलंत का?" मी मागेच उभी होते. काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "हो, सांगितलं," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून वर गेल्या. कोणाचं आणि का, हे एका वाक्यात सांगून त्या मोकळ्या होऊ शकत होत्या. मी मान खाली घालून घरी आले आणि कुकर लावला.

गेल्या मंगळवारी कागदांचा कचरा बाहेर ठेवायचा दिवस होता. ईशानला शाळेत सोडायला खाली उतरले तर काका पुस्तकांचे गठ्ठे बांधत होते. वरच्या पुस्तकाच्या कडेने काकूंच्या अक्षरात पेन्सिलीने मराठीत काहीबाही लिहिलेलं. मी विचारलं, "काका, हे काय?"

"ती गेली पुण्याला, पंधरा दिवस झाले. मीही महिनाअखेर निघतोय." त्यांनी सुतळीची गाठ मारली. "डिग्रीचं राहिलं गं. साठातले एकवीस तास झाले आणि माणसंच येईनात. मुदत संपली. कोणीतरी तिच्याबद्दल भलतंच पसरवलं. मी विचारून विचारून थकलो, नाव सांगितलं नाही तिने. नवऱ्यालाही नाही. तुझ्या कानावर काही आलं होतं का?"

ईशान माझा हात ओढत होता, शाळेला उशीर होत होता. नाही म्हणून मी निघून जाऊ शकले असते, आणि त्यांनी माझ्यावर विश्वासही ठेवला असता.

"ती मी होते, काका," मी म्हणाले. "काकूंनी बाहेर सांगितलं ते माझंच, आणि पसरवलं तेही मीच." मग बाल्कनीचंही सांगितलं, ईशानच्या डोक्यावर हात ठेवून.

काकांनी गठ्ठा उचलून कचऱ्याच्या ढिगावर ठेवला. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग?"

त्या दुपारी बायकांच्या ग्रुपवर मी सगळं लिहिलं. अठरा मिनिटं लिहिली, तीनदा लिहिलं, काकू काय बोलल्या होत्या आणि मी काय बोलले होते, तेही लिहिलं. पाठवलं. दोघी ग्रुप सोडून गेल्या. एकीने वेगळा मेसेज करून विचारलं, त्या काउंटरला कसं जायचं? तिला मी पत्ता पाठवला आणि सोबत येते म्हणाले.

मग काकूंना फोन लावला. आज चौथा दिवस. रिंग पूर्ण जाते, त्या उचलत नाहीत. उचलायलाच हवा, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण रोज लावते.